आधी नाडी, मग मोबाइल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांनाही उत्तराचा संदर्भ कळावा म्हणून तो थोडक्यात पुन्हा मांडते. तुमची मुलगी साडेचौदा वर्षांची असून गोरेगावला नववीत शिकते. दिवाळीनंतर तिने आधी भात सोडला, मग पोळी सोडली आणि आता तिच्या ताटात काकडी, कोशिंबीर आणि चमचाभर वरण एवढेच उरते. शाळेचा डबा रिकामा येतो, पण तो मैत्रीण खाते, हे तुम्हाला त्या मैत्रिणीच्या आईकडून कळले. रात्रीचे जेवण झाले की ती बाथरूममध्ये जाते आणि आतला नळ बराच वेळ सुरू असतो. एक फोटो टाकण्याआधी ती साठ-सत्तर फोटो काढते आणि बाकीचे पुसून टाकते. मावसभावाच्या साखरपुड्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, त्या रात्री ती झोपली नाही. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वजन करून ‘नॉर्मल आहे’ असे सांगितले, सासूबाई ‘वयच तसं आहे’ म्हणतात आणि तुमच्या यजमानांच्या मते मोबाइल काढून घेतला की सगळे ताळ्यावर येईल. मोबाइल काढून घ्यावा का आणि ती जाड नाही हे तिला कसे पटवावे, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. दादरला माझा दवाखाना आहे आणि २२ वर्षांच्या व्यवसायातली निम्मी वर्षे मी प्रामुख्याने दहा ते अठरा वयाच्या मुलामुलींनाच तपासते आहे. तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण माझ्या लेखी त्यांचा क्रम दुसरा आणि तिसरा लागतो. तुम्ही न विचारलेला पहिला प्रश्न असा, की तिचे शरीर आज कितपत सुरक्षित आहे? त्याचे उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणे काही महिन्यांत विरून जाणाऱ्या ‘डाएट’ची असू शकतात किंवा खाण्याच्या विकाराची सुरुवातही असू शकते. वजन किती वेगाने उतरले, ती खरोखरच उलट्या काढते का, पाळीचे काय झाले, चक्कर येते का, मनःस्थिती कशी आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. तरीही बंद दारामागचा नळ आणि दुसऱ्याने संपवलेला डबा या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी वाट पाहत नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत तिला तपासून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘वजन नॉर्मल आहे’ या वाक्यावर थोडे थांबते, कारण याच वाक्याने मीही एकदा फसले आहे. सुमारे १५ वर्षांपूर्वी तेरा वर्षांची एक मुलगी उन्हाळी सुट्टीनंतर माझ्याकडे आली होती. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आधीच्या भेटीत ‘वजन जरा जास्त आहे, बघ हं’ असे मीच तिला सांगितले होते. या वेळी काटा सहा किलो कमी दाखवत होता आणि मी तिला ‘शाब्बास’ म्हटले. तिची आई दारापाशी रेंगाळली, तिला काही सांगायचे होते, पण बाहेर गर्दी होती आणि मी पुढच्या पेशंटला हाक मारली. चार महिन्यांनी ती मुलगी शाळेत प्रार्थनेला उभी असताना कोसळली. मी मनगट हातात घेतले तेव्हा हात बर्फासारखा गार होता आणि पूर्ण मिनिटभर मोजलेले नाडीचे ठोके ४४ भरले. तेव्हाही तिचे वजन तक्त्यानुसार ‘नॉर्मल’च होते.

असे का होते, ते समजून घ्यायला हवे. पौगंडावस्थेत वजन वाढणे हेच आरोग्याचे लक्षण असते. मुलींच्या मांड्यांवर आणि कमरेभोवती या वयात चरबी साठते ती पाळी सुरू होण्यासाठी आणि ती नियमित राहण्यासाठी लागते, आणि आयुष्यभर पुरायची हाडांची ताकद बरीचशी याच काळात जमा होते. म्हणून उंची वाढत असताना वजन नुसते स्थिर राहिले तरी ती एक प्रकारची घटच असते. एका दिवशीचा आकडा यातले काहीच सांगत नाही, तर मुलीची स्वतःची रेषा सांगते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वाढीचे सुधारित आलेख दिले आहेत. त्यावर तिची जुनी वजने आणि उंची मांडा. जी मुलगी दहाव्या वर्षापर्यंत वरच्या रेषेने चालत आली होती, ती सहा महिन्यांत दोन रेषा ओलांडून मधल्या रेषेवर उतरली, तर तक्त्याच्या दृष्टीने ती ‘नॉर्मल’ दिसेल, पण तिचे शरीर उपासमारीत असेल. घरातली लसीकरणाची फाइल, शाळेचे आरोग्यपत्रक, जुन्या तापाच्या वेळची डॉक्टरांची चिठ्ठी, जिथे जिथे वजन लिहिलेले सापडेल ते सगळे गोळा करून न्या.

दवाखान्यात आडव्या आणि उभ्या स्थितीत नाडी व रक्तदाब, शरीराचे तापमान, हृदयाचा ईसीजी आणि रक्तातील पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस, साखर एवढे तरी पाहिले जावे. ते कोणी टाळत असेल तर नम्रपणे आग्रह धरा. वारंवार उलट्या काढल्याने पोटॅशियम घसरते आणि त्याचा थेट परिणाम हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर होतो. मात्र रक्ताचे अहवाल चांगले आले म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण शरीर हे आकडे फार काळ सावरून धरते. वरच्या पुढच्या दातांचा आतला भाग झिजलेला असणे, कानाखाली गालांचा भाग सुजल्यासारखा दिसणे आणि बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडणे या उलट्यांच्या खुणा आहेत. यातली दाताची खूण बहुतेक वेळा दंतवैद्याला आधी दिसते. उलटी झाल्यावर लगेच ब्रश केल्यास आम्लाने मऊ पडलेले दाताचे आवरण आणखी खरवडले जाते. म्हणून तिने मान्य केले तर त्या वेळी नुसत्या पाण्याने चूळ भरायला सांगा. तिच्या दप्तरात किंवा कपाटात जुलाबाच्या गोळ्या सापडल्या, तर तिला शांतपणे सांगा की अन्नातली ऊर्जा लहान आतड्यात आधीच शोषली गेलेली असते आणि या गोळ्या पुढच्या मोठ्या आतड्यावर काम करतात, त्यामुळे काट्यावर घटलेले दिसते ते फक्त पाणी आणि क्षार. हे ऐकून गोळ्या बंद केलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

ती बेशुद्ध पडली, छातीत धडधडते म्हणाली, उलटीत रक्त दिसले, जागेपणी शांत बसलेली असताना नाडी पन्नासच्या खाली आली, दिवसभर पाणीही घेतले नाही किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलली, तर भेटीची वेळ ठरवत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

आता ‘ती जाड नाही हे कसे पटवावे’ या प्रश्नाकडे येते. माझा सल्ला असा, की सध्या पटवू नका. तो वाद तुम्ही जिंकू शकणार नाही, कारण समोर जे बोलते आहे त्यात मुलीइतकीच भूकही बोलते आहे. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांवर एक प्रयोग सुरू केला. ते सगळे स्वेच्छेने आलेले होते आणि मनाने खणखणीत म्हणून निवडलेले होते. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण आश्चर्य वाटावे असे बदल मनात झाले. ते चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, दिवसभर अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेनासा झाला, काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटातले घास तासभर चिवडत बसू लागले. त्यांच्यापैकी कोणालाही बारीक व्हायचे नव्हते आणि त्यांच्या हातात मोबाइलही नव्हता. तुमची मुलगी स्वतः खात नाही, पण रात्री केकचे व्हिडिओ पाहत बसते आणि रविवारी सगळ्यांसाठी पास्ता करते, असे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिले आहे. मला तुमच्या पत्रातली सर्वांत बोलकी ओळ तीच वाटली. पोट नियमित भरू लागल्यावर काही आठवड्यांनी हीच मुलगी तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलू लागते. आरशाबद्दल, फोटोबद्दल बोलण्याची वेळ तेव्हा येते.

म्हणून घरातले पहिले काम जेवणाचे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात रूढ झालेली एक पद्धत आहे, तिच्यात आईवडिलांना दोषी न धरता उपचाराची सूत्रे काही काळ त्यांच्याच हाती दिली जातात. किशोरवयीन मुलांमध्ये तिचा चांगला उपयोग होतो, असा माझाही अनुभव आहे. काय आणि किती खायचे हे तिने ठरवायचे नाही, ताट तुम्ही वाढायचे. तीन जेवणे आणि मधली दोन खाणी ठरलेल्या वेळी व्हावीत, दोन खाण्यांत तीन-चार तासांहून अधिक अंतर पडू नये आणि कोणीतरी मोठे माणूस बरोबर बसलेले असावे. ताटासमोर कॅलरी, वजन, परीक्षा, मोबाइल यांपैकी कशाचीही चर्चा करू नये. ‘एवढी पोळी संपव, मी इथेच बसले आहे’ यापलीकडे काही बोलण्याची गरज नसते. जेवणानंतरचा एक तास तिने एकटे राहू नये. पण तो पहारा वाटू नये, यासाठी पत्ते, एखादी मालिका, खाली सोसायटीच्या आवारात आजीबरोबर बसणे, काहीही चालेल. बाथरूमला जायचे असेल तर ते जेवणाआधी उरकायला सांगावे.

हे लिहायला सोपे आहे आणि मुंबईत करायला किती कठीण आहे, याची मला कल्पना आहे. सकाळी सातची शाळा, दुपारी क्लास, तुम्ही ७:४८ ची लोकल पकडणार, यजमान रात्री साडेनऊला घरी पोहोचणार, मग दुपारच्या ताटासमोर कोण बसणार? एका कुटुंबात हे काम आजोबांनी केले. ते रोज रिक्षाने शाळेच्या फाटकाशी जात आणि नात समोर बसून डबा संपवी. दुसऱ्या घरात वडिलांनी दोन महिने रात्रपाळी मागून घेतली. शाळेतल्या वर्गशिक्षिकांना विश्वासात घेतले तर त्या बहुधा मदत करतात, पण मुलीला न सांगता ते करू नका. ‘वयच तसं आहे’ म्हणणाऱ्या सासूबाईंनाही बाजूला ठेवू नका. दुपारी घरात असणाऱ्या त्या एकट्याच असतील, तर तुमच्या सर्वांत मोठ्या मदतनीस त्याच आहेत. नातीची नाडी मोजून त्यांना दाखवली की त्यांचे मत बदलायला वेळ लागत नाही, असे मी अनेक आज्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

उपवासांबद्दल मात्र मी कडक आहे. संकष्टी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र या दिवशी न खाण्याचे कौतुक होते, आणि न खाण्याचा बहाणा शोधणाऱ्या मुलीला याहून सोयीची जागा सापडत नाही. गेल्या वर्षापर्यंत देवघराकडे न फिरकणारी मुलगी अचानक महिन्यातून सहा उपवास करू लागली, तर ती केवळ श्रद्धा नसेल, हे ध्यानात घ्या. आजारी माणसाला उपवास माफ असतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला एकदा सांगितले की पुरते.

एक सावधगिरी मात्र हवी. तिने बरेच दिवस जवळजवळ काहीच खाल्ले नसेल, तर घाबरून एकदम भरपेट खाऊ घालू नका. उपाशी शरीराला अचानक भरपूर अन्न मिळाले की रक्तातले फॉस्फरस वेगाने खाली येते आणि हृदयाला धोका पोहोचतो. अशा वेळी आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कधीकधी रुग्णालयात ठेवूनच वाढवावा लागतो.

मोबाइलबद्दल माझे मत तुमच्या यजमानांना कदाचित आवडणार नाही. फोटोंचा परिणाम होत नाही असे मी मुळीच म्हणत नाही. फिजी बेटांवरच्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. अंगाने भरलेल्या बाईला मान देणारा तो समाज. हार्वर्डच्या अॅन बेकर यांनी तेव्हा शाळकरी मुलींना विचारले, तर वजनासाठी उलट्या काढणारी एकही सापडली नाही. १९९८ मध्ये त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा ते प्रमाण ११.३ टक्के होते. तेव्हाच्या मुली मालिकांतल्या नट्यांकडे पाहत होत्या. आजच्या मुली शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या सजवलेल्या फोटोकडे पाहतात आणि माझ्या अनुभवात ही तुलना अधिक बोचते, कारण नटी दूरची असते, मैत्रीण रोज भेटते.

तरीही ‘हे सगळे फोटो खोटे असतात’ हे व्याख्यान तिला देऊ नका. फिल्टर कसा लावतात हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. काही मुली मला विश्वासाने मोबाइल दाखवतात, तेव्हा मी टाकलेला फोटो बाजूला ठेवून पुसलेल्या फोटोंचा कप्पा उघडायला सांगते आणि ‘यातला हा का नको वाटला?’ एवढेच विचारते. एकदा एका मुलीने सलग चाळीस फोटो दाखवत ‘नाक’, ‘नाक’, ‘गाल’, ‘नाक’ असे कारण सांगितले. मी तिला भिंतीपाशी उभे केले, पाच फुटांवरून तिचाच फोटो काढला आणि तिने हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोशेजारी ठेवला. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते, हे मोजून दाखवणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ती बराच वेळ दोन्ही फोटो पाहत राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे चार वर्षं मी कॅमेऱ्यावर चिडत होते?’ मी हे उदाहरण चमत्कार म्हणून सांगत नाही. तिची खाण्याची घडी बसायला त्यानंतरही आठ महिने लागले.

मोबाइल पूर्ण काढून घेतल्यास मैत्रिणी तुटतात, क्लासच्या नोट्सचा ग्रुप तुटतो, आणि ती मैत्रिणीच्या मोबाइलवर तेच पाहते, फक्त तुमच्यापासून लपवून. मी सांगते ते इतकेच. रात्री साऱ्या घराचे मोबाइल, तुमचे आणि यजमानांचेही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागावेत. कॅलरी आणि पावले मोजणारी अॅप्स काढावीत, घरातला वजनकाटा माळ्यावर टाकावा. ‘दिवसभरात मी काय खाते’ अशा धाटणीचे आणि ‘आधी-नंतर’ दाखवणारे व्हिडिओ तिच्याबरोबर बसून ‘यात रस नाही’ म्हणून नोंदवावेत, म्हणजे काही दिवसांत समोर येणाऱ्या गोष्टी बदलतात. उपाशी राहण्याच्या युक्त्या देणारे ग्रुप असतात. ती त्यात आहे का, हे आडून न विचारता सरळ विचारा. एक अपवाद आहे. कोणी तिच्याकडे फोटो मागत असेल किंवा फोटोवरून धमकावत असेल, तर तो सायबर गुन्हा आहे. तिला न रागावता पुरावे जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. आणि यापुढे तिचा कोणताही फोटो, साखरपुड्याचा असो की वाढदिवसाचा, तिला विचारल्याशिवाय नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार नाही, हे आजच तिला सांगून टाका.

आपले बोलणेही थोडे तपासावे लागेल. गणपतीला घरी आलेला माणूस ‘काय गं, गुटगुटीत झालीस’ किंवा ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ यांपैकी काहीतरी बोलल्याशिवाय मोदक उचलत नाही. तुम्ही आणि यजमान दोघे सोळा तासांचा उपवास करता असेही लिहिले आहे. तो काही महिने थांबवा. तुम्ही स्वतःच्या ताटात न वाढलेली पोळी तिला वाढता येणार नाही. तुमच्या धाकट्या मुलाकडेही लक्ष असू द्या. मुलग्यांमध्ये हेच दुखणे दंड आणि पोटाच्या स्नायूंच्या वेषात येते, जिम आणि प्रोटीनच्या डब्यांमुळे ते आरोग्यदायी भासते आणि म्हणून उशिरा पकडले जाते.

उपचारासाठी बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि खाण्याच्या विकारांचा अनुभव असलेले आहारतज्ज्ञ असे तिघे एकमेकांशी बोलत असतील तर उत्तम. वजन घटवण्याचे तक्ते देणाऱ्या केंद्रात तिला नेऊ नका. खर्चाची अडचण असेल तर महापालिकेच्या केईएम, सायन आणि नायर रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. केवळ गोळीने हे बरे होत नाही, पण सोबत नैराश्य किंवा तीव्र चिंता असेल तर औषधाला नकार देऊ नका.

तिच्याशी बोलण्याची वेळ जेवणाची नसावी आणि आरोपाचा सूर नसावा. ‘तू उलट्या काढतेस का?’ असे दरडावून विचारल्यास ‘नाही’ हेच उत्तर येईल. ‘जेवणानंतर नळाचा आवाज येतो, मला काळजी वाटते, तुला त्रास होत असेल तर तो एकटीने सहन करू नकोस’ असे एकदा म्हणा आणि गप्प बसा. ती चिडेल, दार आपटेल. त्याच दिवशी उत्तर मिळायलाच हवे असे नाही. दवाखान्यात नेताना तिला फसवून, ‘दातांच्या डॉक्टरकडे जाऊ’ असे सांगून नेऊ नका. तुझे खाणे फार कमी झाले आहे, म्हणून नाडी तपासून घेऊ, असे सांगा. ते खरे आहे, आणि त्यात तिच्या दिसण्याबद्दल एकही शब्द नाही.